पातळ फायलीतला हुकूम

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी युदिता विल्कोशने आपलं लोखंडी कपाट उघडलं, डॉक्टर स्त्रूमिलोंची पातळ फाईल बाहेर काढली आणि तिच्यात एक पान जास्त निघालं.

बुधवारी संध्याकाळी एकोणीस पानं होती. आता वीस. विसावं पान तिने आधी उभ्यानेच वाचलं, मग कोट न काढता खुर्चीत बसून पुन्हा वाचलं.

‘डॉ. कालिना स्त्रूमिलो यांच्याविरुद्धचा तपास बंद करू नये. बेकायदा गर्भपातास मदत केल्याचा आरोप सोमवारी दुपारपर्यंत ठेवावा.’

खाली कालची तारीख, कार्यालयप्रमुखांची सही आणि शिक्का. शिक्क्यात वर पद, खाली नाव: मार्लेना बिएल. नाव डावीकडे सरकून बसलेलं, उजवीकडे बोटभर जागा रिकामी. साधा शिक्कासुद्धा धड बनवून घेता येत नाही या बाईला, असं युदिताच्या मनात आलं आणि तेवढ्यानेही तिला जरा बरं वाटलं.

‘सापडलीस!’ ती मोठ्यांदा म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून ठीक.

तोपोल्नित्साचं सरकारी वकिलांचं कार्यालय म्हणजे चार माणसं. प्रमुख मार्लेना, तिच्या हाताखाली युदिता आणि लुडविक शेलिगा, आणि टपालापासून टाचणीपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या बोझेनाकाकू. तपास करायचा सरकारी वकिलाने आणि आरोपही ठेवायचा त्यानेच. प्रत्येक केसच्या फायली दोन. जाड फाईल कोर्टात जाते, पातळ फाईल वकिलाच्या कपाटात राहते. वरिष्ठाला काही हुकूम द्यायचा असेल तर तो लेखी द्यावा आणि या पातळ फायलीत लावावा, असा कायदा आहे. तो पाळत मात्र कोणी नाही. युदिताच्या बावीस वर्षांच्या नोकरीत वरून आलेलं प्रत्येक दडपण चहाच्या ग्लासाबरोबर आलं होतं. ‘तू बघ काय ते, पण वरती बरं दिसणार नाही,’ एवढंच कोणीतरी म्हणायचं आणि साखर ढवळायचं.

मार्लेनाने जानेवारीत प्रमुखपदी आल्या आल्या जाहीर केलं होतं, ‘माझ्याकडून तोंडी काही येणार नाही. सांगायचं असेल ते लिहून देईन आणि सही करीन.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. युदितानेही वाजवल्या, आणि घरी जाऊन जेवली नाही. हेच वाक्य ती स्वतः दहा वर्षं प्रत्येक बैठकीत बोलत आली होती. तेव्हा कोणी टाळी वाजवली नव्हती. शिवाय मार्लेना तिच्याहून अकरा वर्षांनी लहान, आरोपपत्र लिहायला तिच्याच टेबलाशी बसून शिकलेली. अशी मुलगी आपल्या डोक्यावर येऊन बसते आणि वर आपलंच वाक्य म्हणून टाळ्या घेते, म्हटल्यावर माणसाच्या पोटात दुखणारच. युदिताच्या पोटात पाच महिने दुखत होतं.

आणि आता हे वाक्य पाळून दाखवलं होतं मार्लेनाने! तेही कुठे, तर डॉक्टर स्त्रूमिलोंच्या केसमध्ये.

केसमध्ये दम नव्हता. राडेक नावाच्या एका गॅरेजवाल्याने पाच पानी तक्रार केली होती की त्याची माजी वाग्दत्त वधू निना हिला डॉक्टरीणबाईंनी गोळ्या देऊन मोकळं केलं. पाचपैकी तीन पानं निनाच्या नव्या मित्राबद्दल होती. तो कुठे राहतो, कोणती गाडी चालवतो, तिच्याकडे कधी येतो. युदिताने सगळे जबाब घेतले होते. निनाला पहाटे घरीच रक्तस्राव सुरू झाला, बहिणीने रुग्णवाहिका बोलावली, रुग्णवाहिकेच्या नोंदीत तसं लिहिलेलं आहे. डॉक्टरीणबाईंनी नंतर फक्त त्या मुलीचा जीव वाचवला. गुन्हा कुठेच नव्हता. तपास बंद करणार असल्याचं युदिताने बुधवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. निर्णय तिने लिहून ठेवला होता, आज तो टपालात पडायचा होता.

आरोप ठेवला तर? असल्या गुन्ह्यात बाईला शिक्षा नसते, मदत करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. खटला उभा राहायच्या आतच डॉक्टरीणबाई निलंबित झाल्या असत्या. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईवर तालुक्याच्या रुग्णालयाचा अख्खा बाळंतपणाचा विभाग उभा होता. तो बंद पडला की बाळंतिणींना साठ किलोमीटर लांब न्यायचं.

युदिताने फोन काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला. राजधानीतल्या एका मोठ्या वर्तमानपत्राच्या बातमीदारणीचा नंबर तिच्याकडे होता. गर्भपाताच्या केसमध्ये प्रमुखाने हाताखालच्या वकिलाचा हात पिरगळला, तोही लेखी. संध्याकाळपर्यंत मार्लेनाची खुर्ची रिकामी झाली असती.

तिने फोन खिशात टाकला. आधी तोंडावर विचारायचं ठरवलं. खरं सांगायचं तर तिला मार्लेनाचा चेहरा बघायचा होता.

*

मार्लेना आपल्या टेबलाशी बसून काही न लिहिता पेन धरून होती.

“हे काय आहे?” युदिताने कागद पुढे टाकला.

मार्लेनाने वाचला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“सही?”

“माझ्यासारखी आहे. माझी नाही.”

“शिक्का?”

“नाव तर माझं आहे.” तिने कागद जवळ धरला. “हे आलं कुठून?”

“माझ्या कुलूपबंद कपाटातून. मी काल दिवसभर कोर्टात होते. तू कुठे होतीस?”

“एक वाजेपर्यंत इथे.”

“मग?”

“बाहेर गेले. परत आले नाही.”

“कुठे गेलीस?”

“ते सांगणार नाही.”

“कुणी पाहिलं तुला?”

“एका व्यक्तीने. तिचं नावही सांगणार नाही.”

“वा!” युदिता म्हणाली. “अगं, चोर तरी बरं उत्तर देतात. निदान मावशीकडे होतो म्हणतात.”

मार्लेना हसली नाही. “युदिता, या केसमध्ये मी हुकूम देऊच शकत नाही. तसा मला अधिकारच उरलेला नाही.”

“का?”

“ते तुला सांगता येणार नाही. वरच्या कार्यालयाला माहीत आहे.”

“वरच्या कार्यालयाला! म्हणजे वरून आलंय तर.”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

मार्लेनाची नजर टेबलावरून, भिंतीवरून फिरली, युदिताकडे काही आली नाही. युदिताने कागद उचलला. पायऱ्या उतरताना तिला शीळ घालावीशी वाटत होती. इतका आनंद तिला मुलगी विद्यापीठात लागली त्यानंतर झाला नव्हता. असा आनंद चांगल्या माणसाला होत नाही हे तिला कळत होतं, पण तो होत होता.

*

चहाच्या खोलीत लुडविक शेलिगा होता. चौपन्न वर्षांचा, नीटनेटका, मृदू बोलणारा. आधीचे प्रमुख निवृत्त झाल्यावर सहा महिने तोच कारभार पाहत होता. खुर्ची त्यालाच मिळणार असं शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळे धरून चालले होते. मिळाली मार्लेनाला. त्याने पहिल्याच दिवशी तिला फुलं दिली होती.

युदिताने त्याला सगळं सांगितलं. त्याने कागद हातात घेतला नाही, लांबूनच वाचला.

“अरेरे,” तो म्हणाला. “तिच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“नाकारतेय.”

“नाकारणारच. फोटो काढलास? शिक्का नीट दिसतोय ना?”

“दिसतोय.”

“मग वाट कसली बघतेस? सोमवारी दुपारपर्यंत आरोप ठेवायचाय. नाही ठेवलास तर ती केस काढून घेईल आणि माझ्या गळ्यात मारील. मला निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत बाई, मी काही लढू शकत नाही. तू लढू शकतेस.”

“तुला राग येत नाही का रे? खरी खुर्ची तुझी होती.”

“मी विसरलो ते.” त्याने ग्लासातलं लिंबू चमच्याने दाबलं. “आणि ती गेली तर तिथे कोण बसणार? मी म्हातारा झालो. तूच बसणार.”

ते वाक्य युदिताला साखरेसारखं लागलं.

भिंतीवर बोझेनाकाकूंच्या नावदिवसाचा फोटो लावलेला होता. तेरा मार्च, बोझेना नावाच्या समस्त बायकांचा दिवस. फोटोत काकू, लुडविक, मार्लेना आणि खसखशीचा केक. युदिता फोटोत नव्हती. त्याच आठवड्यात मार्लेनाचा घटस्फोट झाला होता, तिने नवऱ्याचं आडनाव टाकलं होतं, आणि ‘किती धीराची आहे हो!’ म्हणून सगळे तिच्याभोवती गोळा झाले होते. युदिताचा नवरा गेला तेव्हा तिला कोणी धीराची म्हटलं नव्हतं. तिला ते कौतुक बघवेना. कोट चढवता चढवता तिने लुडविकने पुढे केलेल्या दोन-तीन कागदांवर सह्या ठोकल्या, जुन्या चाव्या, जुने शिक्के असल्या कशाकशाची विल्हेवाट लावल्याचे कागद होते ते, आणि केकचा तुकडाही न घेता ती घरी गेली होती.

“पाठव,” लुडविक म्हणाला. “आणि मूळ कागद फार हाताळू नकोस. फोटो पुरे आहे.”

*

खोलीत येऊन तिने निरोप लिहिला, फोटो जोडला, आणि मग तिचा अंगठा थांबला.

कागदावर डॉक्टर स्त्रूमिलोंचं नाव होतं, पूर्ण. हा फोटो छापून आला तर मार्लेना तर जाईलच, पण गावात, चर्चमध्ये, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी लोक बोलतील ते डॉक्टरीणबाईंबद्दल. नाव झाकून एक प्रत काढावी म्हणून ती कागद घेऊन बोझेनाकाकूंकडे गेली.

“काकू, यंत्र चालू आहे का?”

“तापतंय. तोवर तुमचं टपाल बघून घ्या बाई. डॉक्टरीणबाईंचं पाकीट यादीत घातलंय. मॅडमनी काल जाताना यादीवर शिक्का मारून ठेवला.”

“कोणी? मार्लेनाने?”

“मग काय मी? म्हणाल्या, उद्या सकाळी हे पाकीट पहिलं गेलं पाहिजे, राहता कामा नये.”

युदिता यादीकडे बघत राहिली. तपास बंद करू नये असा हुकूम काढणारी बाई, तोच तपास बंद केल्याचं पाकीट सकाळी पहिलं पाठवा म्हणून सांगून जाते? एकाच दिवशी?

मग तिला शिक्का दिसला. यादीवरच्या शिक्क्यात मार्लेना बिएल हे नाव पदाच्या खाली बरोबर मध्यभागी होतं. तिने हुकूम शेजारी ठेवला. तिथे नाव डावीकडे, उजवीकडे रिकामं.

“काकू, मॅडमकडे शिक्के किती आहेत?”

“एकच की. सगळ्यांना एकच असतो.”

“मला फेब्रुवारीतलं एखादं पत्र द्या. त्यांच्या सहीशिक्क्याचं.”

काकूंनी कपाळाला आठ्या घालून फायलींचा एक गठ्ठा उपसला. युदिताने फेब्रुवारीतलं पत्र हुकुमावर ठेवलं, दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले आणि हळूहळू सरकवले. बाहेर चेस्टनटची झाडं फुलली होती, ऊन चांगलं होतं, कागद आरपार दिसत होते. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. काकूंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का.

“काकू, काल माझं कपाट कोणी उघडलं?”

“तुमचं कोण उघडेल? लुडविकसाहेब आपली किल्ली घरी विसरले होते म्हणून मी त्यांना जादा किल्ल्यांचा जुडगा दिला. दोन वाजता. पंधरा मिनिटांत परत आणून दिला.”

“त्यात माझीही किल्ली आहे?”

“सगळ्यांची आहे.”

“आणि मॅडम?”

“त्या एक वाजताच गेल्या. डोळे लाल होते. मी नाही विचारलं.”

“आता तेरा मार्चचा एक कागद काढा,” युदिता म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “शिक्का नष्ट केल्याचा. आणि पाकीट लगेच पाठवून द्या. आत्ता. माझ्यासमोर पोस्टात धाडा.”

*

अकरा वाजता चौघं मार्लेनाच्या खोलीत होती. लुडविक खुर्चीत आरामात बसला होता. बोझेनाकाकू दाराशी उभ्या होत्या, कारण त्यांना कधी कोणी बसायला सांगत नसे. युदिताने आज त्यांना बसायला आणि सगळं लिहून घ्यायला सांगितलं.

“लुडविक, एकदोन साध्या गोष्टी विचारते. मार्चमध्ये मार्लेनाचं आडनाव बदललं. तिचा जुना शिक्का होता, मार्लेना बिएल-झागूर्ना नावाचा. त्याचं काय झालं?”

“नियमाप्रमाणे नष्ट केला. तिघांची समिती होती. मी, तू आणि काकू.”

“कोणी नष्ट केला? हाताने?”

“मी. कात्रीने रबर कापलं.”

“काकूंनी हात लावला होता?”

“मी केक कापत होते,” काकू म्हणाल्या.

“मी?”

“तू कोट घालून पळालीस,” लुडविक हसला. “आम्हाला आठवतंय.”

“म्हणजे शिक्का तुझ्याच हातात होता.”

“हो.”

“मधेच टेबलावर राहिला, कोणी उचलला, असं काही?”

“अजिबात नाही. मी हातात घेतला, तुकडे केले, टाकले. हे काय चाललंय?”

“म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती तो लागणं शक्यच नव्हतं.”

“नाही म्हणून सांगतोय ना!”

“काकू, लिहिलंत?”

“शब्दन्‌शब्द,” काकू म्हणाल्या.

युदिताने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. “मार्लेना, हे काचेला लावून बघ. फेब्रुवारीतलं पत्र वर, हुकूम खाली.”

मार्लेना उठून खिडकीशी गेली. तिने कागद एकमेकांवर बसवले.

“पद जुळतंय,” ती म्हणाली. “बिएलही जुळतंय. पहिल्या अक्षराची कड तुटलेली आहे, तीही दोन्हीकडे.”

“तुझा जुना शिक्का पायरीवर पडला होता, तेव्हाची ती खोच. नव्या शिक्क्यात नाही. आता उजवीकडे बघ.”

“झागूर्ना नाही. तिथे कोरं आहे.”

“कारण तेवढं रबर ब्लेडने कापून काढलंय. लांब नावाचा अर्धा भाग उडवला की उरलेला अर्धा मध्यावर येत नाही, डावीकडेच राहतो. मी सकाळीच ते पाहिलं होतं. मला वाटलं, बाईला शिक्का नीट बनवून घेता आला नाही.” ती लुडविककडे वळली. “जो शिक्का तू तेरा मार्चला तुकडे करून टाकलास, तो काल हुकुमावर उमटला. तू म्हणतोस, दुसऱ्या कोणाच्या हाती लागणं शक्य नाही. काल दोन वाजता माझ्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे होती. मी कोर्टात होते, मार्लेना बाहेर.”

लुडविकचा चेहरा तसाच मृदू होता. फक्त त्याने पाय जमिनीवर सरळ ठेवले.

“मला त्या डॉक्टरीणबाईचं काय पडलंय?” तो म्हणाला. “कशाला करीन मी हे?”

“तिचं काहीच पडलेलं नाही, तेच तर. आरोप लागावा म्हणून हा हुकूम नव्हताच. तो मार्लेनाने काढला असं जगाला दिसावं म्हणून होता. चोरीच्या केसमध्ये असा कागद निघाला असता तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. गर्भपाताच्या केसमध्ये निघाला की अख्खा देश बघतो. आणि तुला तो कागद बाहेर नेणारं माणूस हवं होतं. तू स्वतः नेला असतास तर लोक म्हणाले असते, खुर्ची गेली म्हणून जळतोय. मी नेला असता तर म्हणाले असते, युदिता विल्कोश, दहा वर्षं हेच बोलत आली, खरी स्वतंत्र वकील.”

“कल्पना छान आहे.”

“तुझीच आहे. मी उशिरा ओळखली, कारण ती माझ्या मापाने शिवलेली होती. मार्लेनाबद्दलचं काहीही वाईट मी न तपासता खरं मानीन हे तुला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं? तू तसाच आहेस म्हणून. तू फुलं दिलीस आणि मी टाळ्या वाजवल्या. आत आपल्या दोघांच्या एकच आग होती.”

मग लुडविक पुढे झुकला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातला मऊपणा गेला.

“सहा महिने मी हे कार्यालय चालवलं. वीस वर्षं प्रत्येक वरच्या माणसाचं ऐकलं, कधी ब्र काढला नाही. आणि खुर्ची दिली कुणाला? जी कोणाचं ऐकणार नाही म्हणून सांगते तिला! माझं काय चुकलं ते तरी सांगा.” तो युदिताकडे वळला. “आणि तू फार वर मान करून बोलू नकोस. त्या विल्हेवाटीच्या कागदावर तुझीही सही आहे. ‘आमच्यासमोर नष्ट केला.’ तू काय पाहिलंस? माझं प्रकरण वर गेलं तर तुझंही जाईल. खोटी नोंद, सरकारी कागदावर. प्रमुखपद विसर, नोकरी वाचली तरी खूप.”

“आहे सही,” युदिता म्हणाली.

“मग? आपण चौघंच तर आहोत. कागद फाडू. टपाल गेलंय, डॉक्टरीणबाई सुटलीय. कोणाचं काय बिघडलं?”

काकूंनी युदिताकडे पाहिलं. मार्लेनाने पाहिलं नाही, ती अजून खिडकीशीच होती.

युदिताला त्या क्षणी खरोखर मोह झाला. कागद फाटला असता तर सोमवारी सगळं होतं तसंच असतं. डॉक्टरीणबाई मोकळ्या, तिची स्वतःची पाटी कोरी, आणि कधीतरी खुर्चीची आशा. तिने मनातल्या मनात ती आशा एकदा नीट बघून घेतली.

“अहवाल मी लिहून ठेवलाय,” ती म्हणाली. “पहिल्या पानावर तू. दुसऱ्या पानावर मी. तेरा मार्चला न बघता सही केली, आणि का केली तेही लिहिलंय. दुसऱ्या जिल्ह्यातल्या वकिलांकडे जाईल तो.”

लुडविक उठला, कोटाची बटणं लावली आणि गेला. जाताना त्याने काकूंना सवयीने वाट दिली.

*

काकू गेल्यावर दोघीच उरल्या. मार्लेनाने अहवालाची दोन्ही पानं वाचली. दुसरं पान तिने दोनदा वाचलं.

“काल तू कुठे होतीस ते मी आता विचारणार नाही,” युदिता म्हणाली.

“डॉक्टर स्त्रूमिलोंकडे. मी त्यांची पेशंट आहे.” मार्लेना शांतपणे बोलत होती. “डिसेंबरात माझं मूल गेलं. पाचवा महिना होता. त्यांनीच मला वाचवलं. राडेकची तक्रार आली त्याच दिवशी मी वरच्या कार्यालयाला कळवलं की मला या केसपासून दूर ठेवा. तुझ्या निर्णयावर देखरेख शेजारच्या जिल्ह्याची होती, माझी नव्हती. हुकूम मी देऊच शकत नव्हते.”

डिसेंबर. आणि जानेवारीत ही बाई इथे उभी राहून बोलली होती, आणि आपण टाळ्या वाजवून घरी जाऊन उपाशी झोपलो होतो. मार्चमधल्या मार्लेनाच्या घटस्फोटाचं कारण आत्ता तिच्या लक्षात आलं.

“मला का नाही सांगितलंस? सकाळी सांगितलं असतंस तर तिथेच संपलं असतं.”

“काकूंनाही सांगितलं असतं मी. लुडविकलासुद्धा कदाचित. तुला नाही.” मार्लेनाने पानं सरळ केली. “तुझ्या टेबलावर तुझ्या मुलीचा फोटो आहे. दोन वर्षांची होती तेव्हाचा. डिसेंबरपासून तुझ्या खोलीत येताना मी आधी कागदांकडे बघत येते. मला तुझा इतका हेवा वाटतो की तुझ्यासमोर रडायची मला लाज वाटली.”

युदिताला आयुष्यात कोणी हेवा वाटतो असं म्हटलं नव्हतं. ते ऐकायला मिळावं म्हणून तिने किती वर्षं काढली होती, आणि आता तिला ते परत देऊन टाकता आलं असतं तर बरं झालं असतं.

“हा अहवाल मला आजच पाठवावा लागेल,” मार्लेना म्हणाली. “तुझ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल. बहुतेक पुन्हा बढती नाही.”

“माहीत आहे.”

“एक सांग. तो कागद बघितल्यावर तुला खरंच वाटलं, मी असं लिहीन? त्या बाईविरुद्ध?”

खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयेचंही ठरलं असतं.

“वाटलं नाही,” युदिता म्हणाली. “तू लिहिलेलं असावं अशी माझी इच्छा होती.”

मार्लेनाने मान हलवली, अहवालाखाली सही केली आणि पुढची फाईल ओढली.

“जाताना दार लावून घे,” ती म्हणाली.

युदिताने दार लावून घेतलं.